डॉक्टर पडद्यावर, हात मात्र तुमचे

पडद्यावर मला छताचा पंखा आणि अर्धं कपाळ एवढंच दिसत होतं.

"आजोबा, कसं वाटतंय?"

"उत्तम! काही तक्रार नाही, सिस्टर."

हृदय अशक्त झालेले हे आजोबा. महिन्यातून एकदा डॉक्टर त्यांना व्हिडिओवर तपासायचे, आणि डॉक्टर जोडले जाण्याआधीची पाच-सात मिनिटं माझी. 'तक्रार नाही' असं टिपून मी पुढच्या पेशंटकडे वळलेही असते. पण तेवढे चार शब्द बोलताना ते मध्येच एकदा श्वास घ्यायला थांबले होते. म्हटलं, "सूनबाई, फोन जरा तुमच्या हातात घ्या आणि त्यांच्या पायांकडे धरा. मोजा काढा." मोज्याच्या इलॅस्टिकचा पोटरीवर खोल वळ उठला होता. "आता नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरा. पाच आकडे मोजा. सोडा." अंगठा उचलला, आणि बोटाचं पेर मावेल एवढा खड्डा तिथे तसाच राहिला.

"अगंबाई," सूनबाई म्हणाल्या, "हे कधीपासून, बाबा?"

आजोबा पंख्याकडे बघू लागले. वजन करायला लावलं, तर मागच्या कॉलपेक्षा तीन किलो जास्त. हे खाऊन वाढलेलं वजन नव्हतं, अंगात साठलेलं पाणी होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी त्यांना बोलावून घेतलं.

चौदा वर्षं वॉर्डात काढून गेली सहा वर्षं मी पडद्यासमोर बसते. दूरवरून उपचार हा विषय निघाला की लोक यंत्रमानव, कृत्रिम बुद्धिमत्ता, नेटचा वेग यांबद्दल बोलतात. बोलू देत. पण त्या दिवशी दुखणं सापडलं ते सूनबाईंच्या अंगठ्याला. व्हिडिओवर डॉक्टरांना डोळे आणि कान असतात. हात नसतात, नाक नसतं. ते घरच्या माणसाने उसने द्यायचे. कसे द्यायचे, ते पुढे सांगते.

हे उसने हात पहिल्यापासून होते, हेही जाता जाता सांगते. 1905 साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ईसीजीचं यंत्र बनवणाऱ्या विलेम आइंथोव्हेन यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत घेतला, कारण त्यांचं यंत्र इतकं अवजड होतं की ते पेशंटपर्यंत नेणं शक्यच नव्हतं. तेव्हा पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागत. तिकडे कुणीतरी ते बुडवून घेतले असणारच, त्याचं नाव कुणी घेत नाही. 1968 मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावरचा दवाखाना मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलशी टीव्हीच्या पडद्याने जोडला गेला. डॉक्टर हॉस्पिटलमध्ये, पेशंट विमानतळावर, आणि पेशंटशेजारी परिचारिका. 7 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जननी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथल्या बाईंचं पित्ताशय यंत्रमानवाच्या हातांनी काढलं, तेव्हाही स्ट्रासबुर्गच्या त्या खोलीत सर्जन हजर होते. तुमच्या घरात यांपैकी कुणीच नसतं. तिथे तुम्ही असता.

आधी ठरवा: फोन की गाडी

हे सगळ्यात आधी, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया. छातीवर दाब आणि घाम, कळ जबड्यात किंवा हातात जाणारी. वाक्य पुरं करता न येणारी धाप. शुद्ध हरपणं, थांबत नसलेली फिट. न थांबणारा रक्तस्राव. विष किंवा जास्त गोळ्या पोटात जाणं. गरोदरपणात अंगावरून जाणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप. यांतलं काहीही असेल तर व्हिडिओ कॉलची वेळ घेत बसू नका. ताप आणि अंगावर पुरळ असेल तर काचेचा पारदर्शक ग्लास पुरळावर दाबा. काचेखालीही डाग तसेच दिसत राहिले, फिके पडले नाहीत, तर तेही याच यादीत.

तोंड एका बाजूला ओघळलंय, एक हात वर राहत नाही, बोलणं बोबडं झालंय, तर घड्याळ बघा. पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ लिहून घ्या. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. स्कॅन फोनमधून होत नाही. गंमत अशी की दूरवैद्यक इथेही कामाला येतं, पण ते दोन रुग्णालयांमध्ये: छोट्या रुग्णालयातला स्कॅन मोठ्या रुग्णालयातले मेंदूतज्ज्ञ आपल्या पडद्यावर बघतात आणि इंजेक्शन द्यायचं की नाही ते सांगतात. तुमचं काम पेशंटला त्या पहिल्या दारापर्यंत पोचवणं.

उलट, बीपी-शुगरचा पाठपुरावा, रिपोर्ट समजून घेणं, गोळीचा डोस कमी-जास्त करणं, त्वचेवरचा जुना डाग, झोप, मन, समुपदेशन, ऑपरेशननंतरची जखम बघणं, याला व्हिडिओ छान चालतो. मानसिक आजारांत तर काही पेशंट दवाखान्यापेक्षा आपल्या खोलीत जास्त मोकळे होतात. मात्र जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा असेल तर माणसाला एकटं सोडू नका, आणि ती वरच्या यादीतली गोष्ट समजा.

गोळ्यांना नंबर द्या

ऑस्ट्रेलियात 1928 पासून उडत्या डॉक्टरांची, म्हणजे विमानाने पेशंटकडे जाणाऱ्या डॉक्टरांची, सेवा आहे. माणसं शेकडो किलोमीटर लांब एकेकटी राहायची. पायाने पेडल मारून वीज तयार करायची, त्यावर रेडिओ चालवायचा आणि डॉक्टरांशी बोलायचं. औषधांची नावं कुणाला उच्चारता येणार? म्हणून 1942 मध्ये त्यांनी औषधांच्या पेट्या दिल्या. आत प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर रेडिओवरून सांगणार, अमुक नंबरची गोळी दिवसातून इतक्यांदा. नऊ नंबर संपला म्हणून पाच आणि चार मिळून घेतल्याचा एक किस्सा सांगतात. खरा असो वा नसो, हसून झालं की त्यातला धोका कळतो.

मी ही युक्ती उचलली आहे. कॉलच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या चालू गोळ्या टेबलावर मांडा. सगळ्या म्हणजे सगळ्या: दुसऱ्या डॉक्टरांच्या, गुडघ्यासाठी मधूनच घेतल्या जाणाऱ्या, डोळ्यांत घालायचे थेंब, जडीबुटीच्या पुड्या, शेजारणीने दिलेल्या. प्रत्येक स्ट्रिपवर मार्करने मोठा नंबर टाका आणि कागदावर त्या नंबरापुढे नाव, मिलिग्रॅम, कधी घेतो, आणि खरोखर घेतो का, ते लिहा. 'खरोखर घेतो का' हा रकाना सोडू नका. माझ्या अनुभवात निम्मा खुलासा तिथेच होतो. लघवीची गोळी बाहेर जायच्या दिवशी चुकवणारी माणसं मी मोजायची सोडून दिली आहेत. मग कॉलवर 'ती पांढरी लहान गोळी' असं म्हणावं लागत नाही. नंबर बोला, लगेच नाव वाचा, आणि स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरा. नंबर सोयीसाठी, खात्री नावानेच करायची.

स्ट्रिप कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा. हे मी दिवसाला दहादा सांगते.

बीपी: माझ्या घरची फजिती

आता जिथे सगळ्यात जास्त चुका होतात तिथे येते, आणि सुरुवात माझ्यापासूनच करते. माझी आई एकटी राहते. मी तिला दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घेऊन दिलं, कसं वापरायचं ते फोनवर शिकवलं, आणि ती आकडे कळवायला लागली. 158, 162, 155. मी ते कौतुकाने तिच्या डॉक्टरांना पाठवले. त्यांनी व्हिडिओवर बोलून डोस वाढवला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती पलंगावरून उठली आणि चौकट धरून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी.

मी धावत गेले. तिला नेहमीसारखं बीपी घ्यायला सांगितलं आणि समोर बसून नुसती बघत राहिले. ती पलंगाच्या कडेवर बसली, पाय अधांतरी. पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून गुंडाळला. आईचा दंड जाड; यंत्राबरोबर आलेला पट्टा वेल्क्रोच्या शेवटच्या टोकाला कसाबसा चिकटला. आणि यंत्र गुरगुरत असताना ती मला प्रवास कसा झाला ते विचारत होती. वॉर्डात हजारो बीपी घेतलेली मी, आणि माझ्याच आईला मी फक्त बटण दाबायला शिकवलं होतं. डॉक्टरांनी आकड्यांवर विश्वास ठेवला, आणि आकडे मी दिले होते. मोठा पट्टा आणून, नीट बसवून घेतलं तेव्हा वरचा आकडा 130 च्या घरात आला. डोस पुन्हा पहिल्यावर.

तेव्हा आता असं करा. कोपर आणि खांद्याच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. पट्ट्यावर किती ते किती सेंटिमीटर ते छापलेलं असतं. त्यात बसत नसेल तर दुसरा पट्टा घ्या. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला तर वरचा आकडा सरासरी 20 च्या आसपास जास्त आला. म्हणजे नुसत्या कापडामुळे माणूस बीपीचा पेशंट ठरू शकतो. मनगटाची यंत्रं सोयीची, पण हात जरा खाली-वर झाला की आकडा हलतो. दंडाचं बरं.

अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत. पाच मिनिटं गप्प बसा. ही पाच मिनिटं कुणीच बसत नाही. यंत्र काढलं, बांधलं, दाबलं. बसा. मग दोनदा घ्या, मध्ये एक मिनिट सोडून, आणि दोन्ही आकडे लिहा. त्यातला 'चांगला' निवडायचा नाही. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असे कॉलच्या आधीचे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे बाजूला ठेवून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या सरासरीला बऱ्याच ठिकाणी 135/85 ही रेघ धरतात, काही ठिकाणी 130/80. तुमची रेघ तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घेतलेला आकडाही वेगळा लिहा. तो सोन्यासारखा असतो.

बाकीची मोजमापं

ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र: बोट गरम हवं, नखाला रंग नको, हात मांडीवर किंवा टेबलावर स्थिर. लावल्याबरोबर दिसणारा आकडा सोडून द्या, अर्धं मिनिट थांबून स्थिर झालेला घ्या. निरोगी माणसाचा सहसा 95 च्या वर असतो. जुना फुप्फुसांचा आजार असेल तर तुमचा रोजचा आकडाच कमी असू शकतो. म्हणून बरं असतानाचा आकडा लिहून ठेवा, नाहीतर आजारपणात तुलना कशाशी करणार? शिवाय हे यंत्र प्रकाशावर चालतं आणि सावळ्या-काळ्या त्वचेत कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोऱ्या पेशंटच्या मानाने कृष्णवर्णीय पेशंटमध्ये कमी झालेला ऑक्सिजन यंत्राच्या नजरेतून सुमारे तिप्पट वेळा सुटला. म्हणून आकडा 96 आणि माणूस धापा टाकतोय असं दिसलं तर माणसावर विश्वास ठेवा.

श्वास मोजायला यंत्र लागत नाही, आणि म्हणूनच कुणी मोजत नाही. पेशंटला न सांगता मोजा. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. मी वॉर्डात नाडी बघायचं नाटक करून छातीकडे बघायचे. पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या खुणा पाठ करून ठेवण्यासारख्या आहेत: दोन महिन्यांच्या आत 60, दोन ते अकरा महिने 50, एक ते पाच वर्षं 40. मूल शांत असताना मिनिटाला एवढे किंवा याहून जास्त श्वास म्हणजे वेगाचा श्वास. छाती आत ओढली जात असेल तर कॉल नको, गाडी काढा.

शुगर घेण्याआधी साबणाने हात धुऊन कोरडे करा. बोटाला गोड काही लागलेलं असेल तर यंत्र तेच मोजतं. हृदयाच्या पेशंटचं वजन रोज सकाळी, लघवीनंतर, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढ झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवायचं. नडगीवरच्या अंगठ्याचं वर सांगितलंच.

दाखवायचं कसं

खिडकीकडे तोंड करून बसा. खिडकी पाठीमागे असली की तुमची सावलीच दिसते. फोन हातात न धरता डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. आणि सुरुवातीलाच एकदा फोन मागे नेऊन पूर्ण माणूस दाखवा, चार पावलं चालताना दाखवा. चालीवरून डॉक्टरांना जे कळतं ते दहा प्रश्नांत कळत नाही.

त्वचेचे फोटो कॉलच्या आधीच काढून पाठवा, कारण व्हिडिओत रंग खोटे येतात आणि चित्र फाटतं. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, फिल्टर बंद. एक लांबून, म्हणजे शरीराचा कुठला भाग ते कळेल. मग दोन जवळून, एक समोरून आणि एक तिरका, म्हणजे उंचवटा दिसेल. शेजारी मोजपट्टी ठेवा. फोटोला तारीख द्या. पंधरा दिवसांनी परत त्याच अंतरावरून, त्याच उजेडात. तीळ वाढला की नाही याचं उत्तर आठवणीपेक्षा हे दोन फोटो खरं देतात.

पोट दुखत असेल तर आडवं झोपून, गुडघे वाकवून, एका बोटाने जागा दाखवा. सगळा तळवा पोटभर फिरवणाऱ्याला डॉक्टर एकदा तरी विचारणारच, "पण नेमकं कुठे?" मग खोका. खोकल्यावर एका जागी चमक मारते का, उभं राहून टाचांवर आपटल्यावर दुखतं का, ते सांगा. घशासाठी चमच्याची उलटी बाजू आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च. कानाचा पडदा, गाठीचा कठीणपणा आणि फुप्फुसातला आवाज मात्र साध्या फोनमधून जात नाही. हट्ट धरू नका.

वासाचं राहिलं. जखमेला वास येतोय का, श्वासाला फळ सडल्यासारखा वास येतोय का, लघवीचा वास बदललाय का, हे लाजून लपवलं जातं. डॉक्टर विचारायच्या आधी सांगा.

कॉलवर

पहिल्याच वाक्यात, आज का फोन केला ते. 'तसं म्हटलं तर 15 वर्षांपूर्वी' इथून सुरुवात केली की वेळ संपतो आणि मुख्य दुखणं फोन ठेवताना बाहेर येतं. दारातून वळून "अजून एक विचारायचं होतं" म्हणणारे पेशंट दवाखान्यातही असतात, पण तिथे डॉक्टर त्यांना परत बसवू शकतात. इथे पडदा काळा झालेला असतो. काय होतंय, कधीपासून, वाढतंय की कमी होतंय, तुम्ही काय केलंत, आणि तुम्हाला नेमकी कसली भीती वाटतेय. ही शेवटची गोष्ट बोलायला लाजू नका. "माझ्या भावाला असंच होऊन गेला" हे वाक्य तपासणीची दिशा बदलतं.

खोलीत आणखी कोण आहे ते डॉक्टरांना सांगा. पेशंटला एकट्याने बोलायचं असेल तर मुलगा, सून, नवरा, सगळ्यांनी दोन मिनिटं बाहेर. सूनबाईंच्या अंगठ्याचं मी एवढं कौतुक केलं, पण पेशंटच्या जागी घरच्यांनीच उत्तरं दिली की मला काही समजत नाही.

डॉक्टर अनोळखी असतील तर नाव आणि नोंदणी क्रमांक विचारून घ्या. खरा डॉक्टर रागावत नाही. कॉल तुटला तर कुणी कुणाला फोन करायचा, तेही सुरुवातीलाच ठरवा. आणि शेवटी, फोन ठेवण्याआधी, ऐकलेलं परत म्हणून दाखवा: कुठली गोळी, किती, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, काय झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. दर आठवड्याला कुणीतरी 'बंद करा'चं 'चालू ठेवा' ऐकलेलं मला सापडतं. आवाज अर्ध्या सेकंदाने मागे येत असला की असंच होतं.

यंत्र आपोआप आकडे पाठवतं तेव्हा

पुढची वर्षं याचीच. दंडावरच्या चिकटपट्टीतून चोवीस तास शुगर, घड्याळातून ईसीजी, काट्यावरून थेट रुग्णालयात जाणारं वजन. मला हे आवडतं. पण मी आधी काम करत होते तिथली एक गोष्ट विसरता येत नाही.

एक बाई ऑपरेशननंतर घरी गेल्या होत्या, आणि त्यांचं बीपी आणि नाडी आपोआप आमच्या पडद्यावर येत होती. शुक्रवारी संध्याकाळी मी संगणक बंद केला. सोमवारी सकाळी उघडला तर त्यांच्या नावापुढे लाल खुणांची रांग, शनिवार दुपारपासूनची. फोन केला. त्या म्हणाल्या, "मला बरं वाटत नव्हतं, पण म्हटलं तुम्ही बघताय ना तिकडून. काही असतं तर फोन आला असता." जंतुसंसर्ग झाला होता. त्या बऱ्या झाल्या. सुट्टीच्या दिवशी हे आकडे कुणी बघत नाही, हे एक वाक्य पेशंटच्या कागदावर छापून घ्यायला मला पुढे चार महिने लागले.

2010 मध्ये अमेरिकेत 1,653 हृदयरुग्णांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. पेशंटनी रोज फोनवरच्या यंत्रावर लक्षणं आणि वजन नोंदवायचं. फायदा काहीच दिसला नाही. 2018 मध्ये जर्मनीतला दुसरा आला, त्यात आकड्यांच्या टोकाला डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास बसलेल्या. तिथे पेशंटचे रुग्णालयात जाणारे दिवस कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले. दोन्ही प्रयोगांत पेशंट आणि व्यवस्था वेगवेगळ्या होत्या, तरी मी त्यातून माझ्यापुरता अर्थ काढला तो हाच: पलीकडे कोण बसलंय ते बघा.

म्हणून असं यंत्र घरी आलं की देणाऱ्याला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. हे आकडे कोण बघतं? रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोण? कितीच्या वर गेलं की तुम्ही मला फोन करणार, आणि कितीच्या वर गेलं की मी तुम्हाला करायचा? माहिती आणखी कुणाकडे जाते? उत्तरं गोलमोल आली तर यंत्र वापरा खुशाल, पण तुम्हाला कुणी बघत नाहीये असं समजून वापरा.

घड्याळातल्या ईसीजीबद्दल एवढंच, की तो एकाच कोनातून हृदय बघतो. नाडीतला एक ठरावीक अनियमितपणा तो चांगला पकडतो, हृदयविकाराचा झटका पकडत नाही. छातीत दुखत असताना घड्याळ 'सर्व ठीक' म्हणालं म्हणून घरी थांबलेला पेशंट मी पाहिला आहे. संगणकाने स्वतः निदान करण्याचंही तसंच. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा बिघाड डॉक्टरांशिवाय ओळखणाऱ्या प्रणालीला अमेरिकेत 2018 मध्येच परवानगी मिळाली. पण डोळ्याचा नीट फोटो काढायला कॅमेऱ्यापाशी एक शिकवलेला माणूस लागतोच.

फोन ठेवल्यावर

लगेच, त्याच खुर्चीत बसून, तारीख घालून वहीत लिहा: डॉक्टर काय म्हणाले, काय बदललं, पुढचा कॉल कधी. रिपोर्ट आणि प्रिस्क्रिप्शनचे फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. एकदा गेलेला रिपोर्ट परत घेता येत नाही. बदललेल्या गोळीची जुनी स्ट्रिप त्याच दिवशी टेबलावरून उचला, नाहीतर आठवड्याभरात दोन्ही चालू होतात. दोन-तीन कॉल झाले आणि फरक पडत नसेल, किंवा डॉक्टर प्रत्येक वेळी 'तपासल्याशिवाय सांगता येत नाही' म्हणत असतील, तर प्रत्यक्ष जा आणि ती वही बरोबर न्या.

आजोबा अजून माझ्याच यादीत आहेत. तक्रार त्यांची आजही काही नसते. पण कॉल लागला की पडद्यावर आधी दोन पावलं येतात, मोजे काढलेली, खिडकीच्या उजेडात स्टुलावर ठेवलेली. मग एक अंगठा येतो, सूनबाईंचा आवाज पाचपर्यंत आकडे मोजतो, आणि त्यानंतर कधीतरी आजोबांचा चेहरा दिसतो.